सगळ्या माना एकाच बाकाकडे का वळतात?

मराठी शाळेत चौथी केलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना एक तास आठवत असेल. प्रतापगडाचा धडा. बाई शिकवायला लागतात, खान शामियान्यापर्यंत पोहोचतो आणि वर्गातल्या माना हळूहळू एकाच बाकाकडे वळतात. त्या बाकावर तुम्ही बसलेले असता. मधल्या सुट्टीत कुणीतरी तुम्हाला एक नवं नाव देतं आणि ते नाव दहावीपर्यंत पुरतं.

माझ्या भाचीच्या बाबतीत हे गेल्या वर्षी घडलं, नवी मुंबईतल्या एका शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाही. लिहिलं की प्रश्न त्या एका शाळेपुरता होतो आणि बाकीच्या शाळा हात झटकून मोकळ्या होतात. घरी आल्यावर ती काही बोलली नाही. दोन दिवस पोटात दुखतंय म्हणून शाळा बुडवली. डॉक्टरांना काही सापडलं नाही. तिसऱ्या रात्री तिने माझ्या अम्मीला विचारलं, "नानी, आपण खानाच्या बाजूचे का?"

आपा म्हणाली, शाळेत जाऊन बोलू. दुल्हाभाई म्हणाले, "जाऊ दे, तिला अजून सहा वर्षं तिथेच काढायचीयत." अम्मीने दुआ पढून तिच्यावर फुंकर घातली. मी मोबाइलवर एक लांबलचक स्टेटस टाकलं. शाळेत कुणीच गेलं नाही. आपण सगळे न जाण्यात पटाईत आहोत, आणि या लेखात मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तो धडा पुस्तकातून काढून टाका, अशी माझी मागणी नाही. शिवाजी महाराज माझ्या भाचीचेही आहेत. प्रश्न शिकवण्याचा आहे. १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या भेटीत खानाचा वकील होता कृष्णाजी भास्कर, आणि महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत होता सिद्दी इब्राहिम. महाराजांच्या आरमारात पुढे दौलतखान नावाजला. खानाची कबर आजही प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे. ही लढाई दोन सत्तांमधली होती, दोन धर्मांमधली नव्हती, हे सांगायला बाईंना पाच मिनिटं पुरली असती. गोविंद पानसरे यांनी 'शिवाजी कोण होता?' या छोट्या पुस्तकात हेच सोप्या मराठीत मांडलं, त्यालाही आता तीन दशकं उलटून गेली.

पण इथे आपणही सावध राहायला हवं. चौथीतल्या मुलीला वर्गात ताठ बसता यावं म्हणून सिद्दी इब्राहिमचा दाखला का लागावा? समजा, महाराजांच्या सैन्यात एकही मुसलमान नसता, तरी त्या वर्गात तिचा हक्क तेवढाच असता. 'चांगल्या मुसलमानांची यादी' हा इतिहासाचा भाग म्हणून जरूर शिकवा. मुलीच्या जामिनासाठी ती वापरू नका.

कायदा काय म्हणतो

आघाताची जाण ठेवून शिकवणं आणि समन्यायाला मध्यभागी ठेवून शाळा चालवणं, हे शब्द अलीकडे शिक्षकांच्या कार्यशाळांत ऐकू येतात. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना ते परदेशातून आलेलं फॅड वाटतं. 'आम्ही मार खाऊनच शिकलो, आमचं काय बिघडलं?' हा प्रश्न ठरलेला.

त्यांच्यासाठी एक माहिती. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९ अभ्यासक्रम कसा असावा ते सांगतं. त्यात एक अट अशी आहे की मूल भीती, मानसिक आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहिलं पाहिजे आणि त्याला आपलं मत मोकळेपणाने मांडायला मदत झाली पाहिजे. 'ट्रॉमा' हा शब्द कायद्याच्या मूळ इंग्रजी मजकुरात आहे. कलम २४ नुसार या अटी पाळून अभ्यासक्रम पूर्ण करणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होणार नाही, हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने सरकार आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. म्हणजे आपण मागतोय ती सवलत नाही. संसदेने मंजूर केलेली गोष्ट वर्गापर्यंत पोहोचवा, एवढंच आपलं म्हणणं आहे.

आणि 'आमचं काय बिघडलं?' याचं उत्तर असं, की हा प्रश्न विचारायला जे उरले ते शाळेत टिकलेले. जे सुटले ते या सभेत नाहीत. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच बाहेर पडली होती. कारणांत गरिबी होती, शाळेचं अंतर होतं. पण पाठ्यपुस्तकांतला जातीय मजकूर आणि शाळेतलं वातावरण हाही काही राज्यांत मुसलमानांच्या चिंतेचा मोठा विषय आहे, याची नोंद समितीने केली. आपण त्या अहवालातली टक्केवारी पाठ केली. वातावरणाचा मुद्दा मात्र कधी नीट हातात घेतला नाही.

जखम कुणाला झाली?

ऑगस्ट २०२३. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातली एक खाजगी शाळा. सात वर्षांच्या मुस्लिम मुलाला पाढे येत नाहीत म्हणून शिक्षिकेने वर्गातल्या मुलांना एकेक करून त्याच्या कानाखाली मारायला लावलं. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. तुषार गांधी सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती अभय ओक आणि पंकज मित्तल यांच्या खंडपीठाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी सरकारला खडसावलं: धर्माच्या कारणावरून मुलाला शिक्षा होत असेल, तर तिथे दर्जेदार शिक्षण असूच शकत नाही.

बातम्यांमध्ये हे आलं. पण त्या प्रकरणातला जो भाग आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, त्यावर फारशी चर्चा झाली नाही. न्यायालयाने मार खाणाऱ्या मुलाबरोबरच वर्गातल्या इतर मुलांचंही समुपदेशन करायला सांगितलं. ते कसं करायचं हे सुचवण्यासाठी नोव्हेंबरमध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची नेमणूक केली. ही संस्था देवनारला आहे, वाशीचा खाडीपूल ओलांडला की थोड्याच अंतरावर. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की ज्या मुलांना मारायला लावलं गेलं त्यांचं समुपदेशन सरकारने अजून केलेलं नाही.

सरकारला वाटलं, रडलेल्या मुलाची समजूत काढली, दुसऱ्या शाळेत घातलं, विषय संपला. न्यायालयाला दिसलं की ज्या हातांना त्या दिवशी मारायला शिकवलं, त्या हातांवरही उपचार हवेत. जखम एका मुलाला नाही, आख्ख्या वर्गाला झाली होती.

आपल्या शाळांमध्येही नेमका हाच घोटाळा चालतो. मूल गप्प झालं, मागे पडलं, चिडायला लागलं की त्याला वेगळ्या खोलीत समुपदेशकाकडे पाठवतात. समुपदेशक हवेतच, आणि आहेत त्यापेक्षा कितीतरी जास्त हवेत. पण माझ्या भाचीला वेगळ्या खोलीत बसवून 'लक्ष देऊ नकोस, कणखर हो' असं शिकवलं, तर बरं कुणाला केलं? माना वळवणारा वर्ग तसाच राहिला. माना वळताना पाहून पुढचं वाक्य वाचणाऱ्या बाई तशाच राहिल्या. दुखणं वर्गात आणि औषध माझ्या भाचीला.

आईला आरोपी करू नका

समन्यायाशिवाय नुसती 'आघाताची जाण' आली तर ती आपल्यावरच उलटू शकते. १९९८ मध्ये अमेरिकेत एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. बालपणातले वाईट अनुभव आणि मोठेपणीचे आजार यांचा संबंध त्याने दाखवला. डॉक्टर फेलिट्टी आणि अँडा यांचं हे काम मोलाचं आहे. लहानपणची भीती शरीरात घर करते हे त्यामुळे जगाला पटलं. पण त्यांच्या प्रश्नावलीत काय होतं? घरातली मारहाण, अत्याचार, व्यसन, आईला होणारी मारझोड, घरातलं कुणी तुरुंगात जाणं. सगळं उंबरठ्याच्या आतलं. पुढे फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी त्यात भेदभाव, वस्तीतली असुरक्षितता, डोळ्यांदेखत झालेली हिंसा आणि शाळेतली दादागिरी यांची भर घातली.

आता जुनी प्रश्नावली घेऊन तुर्भे स्टोअरच्या किंवा दिघ्याच्या वस्तीत जा. उत्तर ठरलेलं येईल: घर वाईट, आई अडाणी, बाप तापट, म्हणून मूल मागे. दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींवर उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हातोडा पडू लागला, तेव्हा ज्या मुलांची घरं गेली त्यांच्यासाठी त्या कागदावर चौकोन नाही. त्यांत सगळ्या जातीधर्मांची मुलं होती, हेही लक्षात ठेवा. वर्गात 'पाकिस्तानी' म्हणून हाक मारली जाते, त्यालाही चौकोन नाही. फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभं केलं जातं, त्यालाही नाही.

१४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात जमावाने मशिदीवर आणि मुस्लिम घरांवर हल्ला केला. तो रविवार होता. म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळेचा वार. अशा सोमवारी त्या भागातल्या शिक्षकाने वर्गात काय करायचं? हजेरी घेऊन थेट गणित काढायचं? कोण आलं नाही हे पाहायचं का? आलेल्यांतल्या कुणी काही पाहिलं असेल, आणि कुणाच्या घरचा माणूस त्या जमावात असेल, तर दोघांना एका बाकावर कसं बसवायचं? डी.एड.ला यासाठी किती तास ठेवले आहेत, हे आपण विचारलं पाहिजे. पूर आला तर काय करायचं याची सूचना शाळेत लावलेली असते. माणसांचा पूर आला तर काय करायचं, याचीही हवी.

हे महाराष्ट्राला नवं नाही

कुणी म्हणेल, वर्गात असल्या जखमांविषयी बोललं की मुलं फुटतात. त्यांना आपल्याच राज्यातली एक गोष्ट सांगू या. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, मांग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची, जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी. विषय होता मांग-महारांचं दुःख. आपल्या माणसांवर झालेले अन्याय तिने नावं घेऊन लिहिले, धर्माला थेट प्रश्न विचारले. विचार करा, त्या शाळेने तिला काय दिलं होतं? बाराखडी दिलीच, पण त्यासोबत हा विश्वास दिला की तुझ्या समाजाचं दुःख हा निबंधाचा विषय होऊ शकतो, आणि तो लिहिल्याबद्दल तुला कुणी गप्प करणार नाही. आघाताची जाण आणि समन्याय या दोन्ही गोष्टी त्या एका निबंधात आहेत. तेव्हा हे शब्द नव्हते, पण काम चालू होतं.

त्याच कामात फातिमा होत्या. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात त्यांचा उल्लेख आहे. दरवर्षी ९ जानेवारीला आपण त्यांची पोस्टं फिरवतो. पण आज नवी मुंबईत किती मुस्लिम मुलींना 'माझ्या घरचं दुःख' या विषयावर वर्गात उभं राहून बोलता येईल? आणि ज्या मुलांच्या घरी आपल्याविषयी भलतंसलतं बोललं जातं, त्यांना ते ऐकण्याची संधी तरी मिळते का?

आता आपल्या घरात डोकावू

इथपर्यंत वाचून तुम्ही मान डोलावत असाल, तर पुढचं थोडं बोचेल.

आपल्या समाजाच्या ट्रस्टने चालवलेल्या शाळांमध्ये काय होतं? मक्तबात सबक चुकला की काय होतं? माझ्या तळहातावर बसलेली पहिली छडी कुठल्याही गैरमुस्लिम मास्तरची नव्हती. हिजाब नीट नाही म्हणून चारचौघांत मुलीचा पाणउतारा करणारी बाई आपलीच असते. बिरादरी विचारून, 'अरे हा तर अमक्यांचा' असं हसणारे हुद्देदार आपलेच असतात. कोकणी, दखनी, उत्तरेकडून आलेले, अन्सारी, कुरेशी, बागवान, तडवी: वर्गात कुणाची भाषा 'गावठी' ठरते आणि कुणाच्या उर्दूला शाबासकी मिळते, हे आपल्याला ठाऊक आहे. पनवेल-तळोज्याच्या कोकणी मुसलमान घरातलं मूल घरची बोली बोललं म्हणून त्याला हसणारे शिक्षक जेव्हा अल्पसंख्याकांच्या हक्कांवर भाषण देतात, तेव्हा मला राग येतो.

२०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळा शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेर गेल्या. आपल्या अनेक संस्थाचालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. संस्था चालवण्याचा संविधानाने दिलेला हक्क मला मान्य आहे आणि तो जपलाच पाहिजे. पण कायद्यातून मिळालेली सूट ही छडीला मिळालेली सूट नव्हे. उद्या कुणी विचारलं की मुस्लिम मुलाला सरकारी शाळेत कायद्याचं जेवढं संरक्षण आहे तेवढं मुस्लिम ट्रस्टच्या शाळेत का नाही, तर आपण काय तोंड दाखवणार? कायदा लागू नसला तरी कलम १७ आणि २९ आम्ही स्वतःहून पाळू, असा ठराव आपल्या प्रत्येक संस्थेने करून तो दर्शनी भागात लावावा. दुसऱ्याच्या शाळेत न्याय मागायचा तर आपल्या शाळेत तो दिसला पाहिजे.

नवी मुंबईत काय करता येईल

हे शहर नियोजनाचं शहर म्हणवतं. महानगरपालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी माध्यमांतून चालतात. दिव्यांग मुलांसाठी पालिकेने वाशीत उभं केलेलं ईटीसी केंद्र राज्यभरातून लोक पाहायला येतात. ज्या पालिकेला हे जमलं तिला घाबरलेल्या मुलांसाठी काही जमणार नाही, हे मला पटत नाही. इच्छा लागते आणि मागणी करणारे लागतात.

मागण्या साध्या आहेत. पालिकेच्या शाळांतल्या शिक्षकांचं प्रशिक्षण, ज्यात चौथीच्या इतिहासापासून क्रिकेट सामन्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंतचे खरे प्रसंग असतील. शहरात, राज्यात काही घडलं की दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मुलांशी कसं बोलायचं याची दोन पानी सूचना. उर्दू माध्यमातून मराठी किंवा इंग्रजी शाळेत आलेल्या मुलाला पहिलं वर्ष भाषेचा आधार, म्हणजे भाषा येत नाही याचा अर्थ अक्कल नाही असा लावला जाणार नाही. आणि समुपदेशकाने फक्त मुलाला न बोलावता वर्गात जाऊन बसावं, शिक्षकांबरोबर काम करावं, असा नियम.

तुमच्या हातात काय आहे? पालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याने तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा असली पाहिजे आणि निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तुमची आपा, भाभी, खाला तिथे बसू शकते. तिला सभेची नोटीस वाचून दाखवा, सोबत जा, बाहेर थांबून तिचं मूल सांभाळा. आपल्या घरातल्या पोरांनी मोर्चात घोषणा दिल्या, पण या सभेला आईला स्कूटरवरून सोडलं नाही, हे खरं आहे की नाही?

तक्रार करायची झाली तर कलम ३२ नुसार ती लेखी स्वरूपात स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या महानगरपालिकेकडे देता येते. तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक आहेच. तक्रारीत तारीख, तास, नेमके शब्द लिहा. 'आमच्यावर अन्याय होतो' असं मोघम लिहिलं की कागद फायलीत झोपतो.

आणि तक्रारीच्या आधी एकदा शिक्षकाला भेटा. बहुतेक बाई दुष्ट नसतात. साठ मुलं, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं यात त्या पिचलेल्या असतात; माना वळल्या हे त्यांना दिसलंही नसेल. त्यांना ते दाखवून देणारं कुणी गेलंच नाही, तर पुढच्या वर्षीही तोच धडा, तशाच माना आणि नवं मूल.

दुल्हाभाईंची भीती मला कळते. तक्रार करणाऱ्याच्या मुलाला शाळा लक्षात ठेवते, हा अनुभव खोटा नाही. म्हणूनच एकट्या बापाने जाऊ नये. चार पालकांनी जावं, आणि त्यांतले दोन शक्यतो हिंदू, बौद्ध असावेत, कारण ज्यांच्या मुलांच्या माना वळतात त्यांचाही हा प्रश्न आहे.

भाची आता पाचवीत आहे. येत्या पालकसभेला आपा, मी आणि तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीची आई असे तिघं जाणार आहोत. त्या ताईंना मी प्रतापगडाच्या तासाबद्दल सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी पोरगी पण वळून बघत असेल ना?" अर्ज त्यांनीच लिहायला घेतला आहे.